वर्तनामागील हेतूचा शोध

धम्मपद-अट्ठकथेतील चूळपन्थकाची कथा वाचकांना परिचित आहे. चार महिन्यांत एक गाथाही पाठ होईना, म्हणून थोरल्या भावाने त्याला विहारातून निघून जाण्यास सांगितले. तथागतांनी मात्र त्याच्या हाती स्वच्छ वस्त्राचा तुकडा देऊन शिकवण्याची रीतच बदलली. चूळपन्थकाची अडचण पाठांतराची होती, वर्तनाची नव्हे. तरीही शिष्याला बाहेर काढावे की रीत तपासावी, हा प्रश्न भावनिक व वर्तनविषयक आधाराची गरज असलेल्या मुलांच्या शिक्षणातही कळीचा आहे. त्याचाच विचार आम्ही येथे करीत आहोत.

अशी मुले वर्गात ओरडतात, वस्तू फेकतात, क्वचित स्वतःस वा इतरांस इजा करतात. त्यांना हट्टी ठरवणे सोपे असते. परंतु वर्तनास कारण असते, हा विशेष शिक्षणाचा पाया होय. बहुधा चार हेतू आढळतात : लक्ष वेधणे, नकोसे काम टाळणे, हवी ती वस्तू मिळवणे आणि एखाद्या संवेदनेची गरज भागवणे. तो हेतू ओळखण्यासाठी शिक्षकाने तीन गोष्टी टिपाव्यात : आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले.

समजा, गणिताचा तास सुरू होताच एक मुलगा वही फाडतो आणि शिक्षक त्याला वर्गाबाहेर उभे करतात. शिक्षकांच्या लेखी ही शिक्षा, मुलाच्या लेखी सुटका. साहजिकच दुसऱ्या दिवशी वही पुन्हा फाटते.

एडवर्ड कार व मार्क ड्युरंड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये चार मुलांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. काम अवघड वाटल्यास समजत नसल्याचे सांगणे आणि कौतुक हवे असल्यास आपले काम कसे झाले हे विचारणे, अशी वाक्ये त्यांनी मुलांना शिकवली. वाक्य हेतूशी जुळले तेव्हा उपद्रवी वर्तन पुष्कळ घटले. जुळले नाही तेव्हा घटले नाही. बोलू न शकणाऱ्या मुलास खूण वा चित्र शिकवता येते. मात्र त्याने मागताच मदत मिळाली पाहिजे. अन्यथा ते पूर्वीच्याच मार्गाकडे वळते.

बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या अधिनियमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमाने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश करून समावेशक शिक्षणाची जबाबदारी शाळांवर टाकली. परंतु छडी खाली ठेवल्यानंतर शिक्षकाने काय करावे, हे कायद्याच्या कलमांतून शिकता येत नाही. त्यासाठी प्रशिक्षण हवे, वर्गात मदतीचा हात हवा आणि पालकांशी नित्य संवाद हवा. यांपैकी काहीच न देता केवळ शिक्षकाकडून संयमाची अपेक्षा करणे, आमच्या मते, त्याच्यावर व त्या मुलावर सारखेच अन्यायाचे आहे.