बाप्पाचा दात आणि रोमेनियाची दाढ

पेणला गणपतीच्या कारखान्यात कधी डोकावून बघ! शाडूचे बाप्पा ओळीने बसलेले असतात. एक दात पूर्ण, दुसरा अर्धा. म्हणून तर नाव एकदंत!

त्या दाताला आपण हत्तीचा सुळा म्हणतो. पण गंमत ऐक. तो सुळा नाहीच मुळी!

खरंच! आपले सुळे म्हणजे पटाशीच्या दातांशेजारचे ते टोकदार दात. हत्तीला तसले दात नसतातच. त्याचा तो लांबलचक दात आहे वरचा पटाशीचा दात. पेरूचा पहिला तुकडा आपण ज्याने तोडतो ना, तोच! आणि हत्तीचा हा दात जन्मभर वाढतच राहतो. केवढा ब्रश लागेल!

आता एकदंतातला ‘दंत’ घेऊन पेणहून थेट युरोपात, रोमेनियाला जाऊ. तिथे दाताला काय म्हणतात? ओळख बघू!

‘दिन्ते’!

दंत, दात, दिन्ते. कुणी कुणाची नक्कल केली? कुणीच नाही! हजारो वर्षांपूर्वी एक जुनी भाषा होती. ती बोलणारी माणसं दूरदूर पांगली. एका शाखेतून संस्कृत आली, मग आपली मराठी. दुसरीतून आली रोमन लोकांची लॅटिन. इ.स. 106 मध्ये सम्राट ट्राजानने रोमेनियाकडचा डाकिया प्रांत जिंकला आणि लॅटिन तिथे पोचली. तिचीच लेक रोमेनियन! संस्कृत आणि लॅटिनचं हे नातं विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशांनी 1786 मध्ये कोलकात्यात भाषणात सांगितलं होतं.

इंग्रजीचं ‘टूथ’ही याच घरातलं. पटत नाही? दोन म्हणजे टू. दहा म्हणजे टेन. दात म्हणजे टूथ. आपला ‘द’, त्यांचा ‘ट’! मधल्या सुट्टीत कानगोष्टी खेळताना शब्द कसाही वेडावाकडा होतो. भाषा मात्र फार शिस्तीने खेळतात बरं!

मला तर याहून जास्त आवडतं ते पुढचंच. आपल्याकडे दात वेगळा, दाढ वेगळी. रोमेनियातही तसंच! दाढेला म्हणतात ‘मसेआ’. दुधाच्या दाताला म्हणतात ‘दिन्ते दे लाप्ते’. लाप्ते म्हणजे दूध! फणीचा दात? दिन्ते. करवतीचा? तोही दिन्तेच.

सुळ्याला मात्र ‘कोल्त्स’. याच शब्दाचा दुसरा अर्थ काय असेल? कोपरा! आणि मातीतून डोकं काढणारा गवताचा कोंब? तोसुद्धा कोल्त्स! किती टोकदार शब्द आहे नाही?

आणि अक्कलदाढ? ‘मसेआ दे मिन्ते’. मिन्ते म्हणजे बुद्धी, आपल्या ‘मती’ची लांबची बहीण. म्हणजे तिकडेही ती अकलेचीच दाढ! ती साधारण 17 वर्षांनंतर उगवते. काहींना तर कधीच येत नाही. घरातल्या मोठ्यांना विचारून बघ, कुणाला आली आणि कुणाला नाही. पण नाही म्हणणाऱ्याला हसू नकोस हं!