मोटारीचा पट्टा

नांदूरघाटहून रात्री बीडकडे निघालेल्या मोटारीचा पट्टा वाटेत तुटला, तर मिस्त्री कोठून मिळणार? १९८३ ते २०१४ या काळात निघालेल्या मारुती ८०० गाडीत पाणी खेळविणारा पंप व वीज उत्पन्न करणारा अल्टरनेटर एकाच रबरी पट्ट्यावर फिरतात. त्यास ‘फॅन बेल्ट’ म्हणतात. पंखा मात्र विजेवर चालतो. पट्टा तुटताच बॅटरीचा लाल दिवा लागतो. तत्क्षणी इंजिन बंद करावे. अन्यथा पाणी उकळून हेड वाकण्याचा संभव असतो. इंजिन निवल्यावर बॅटरीची ऋण तार सोडावी, अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून तो इंजिनाकडे ढकलावा व नवा पट्टा खाचांत बसवावा. मग अल्टरनेटर बाहेर ओढून बोल्ट आवळावेत व तार जोडावी. अंगठ्याने दाबता पट्टा सुमारे १ सेंटिमीटर लवावा. सैल पट्टा घसरतो; फाजील ताणलेला बेअरिंग झिजवितो. सबब एक नवा पट्टा व पाना गाडीत सदैव असावा.