पाताळपाणीच्या घाटातले वायडीएम-4

धार ही पवारांची राजधानी, पण धारकरांना रेल्वे धरायची तर महू किंवा इंदूर गाठावे लागे. महूहून खंडव्याकडे जाणारी मीटरगेज लाइन पुढे थेट अकोल्याला भिडत होती. 1870 च्या दशकात दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून खंडवा-इंदूर मार्ग उभा राहिला.

या मार्गावर काळाकुंडहून पाताळपाणीपर्यंतचा चढ 1:40 आहे. म्हणजे प्रत्येक टनामागे केवळ चढासाठी 25 किलो ओढ लागते. वायडीएम-4 हे डिझेल इंजिन स्वतःच सुमारे 72 टनांचे. एकही वाघीण न जोडता त्याची 1800 किलो ओढ स्वतःला वर नेण्यातच खर्च होते! म्हणून काळाकुंडला गाडीच्या मागे ढकलणारी जादा इंजिने जोडत.

आत सहा सिलिंडरचे, सुमारे 1350 अश्वशक्तीचे अल्को इंजिन. ते चाके थेट फिरवत नाही. वीज तयार करते आणि सहा आसांवरच्या सहा मोटरी गाडी ओढतात. वजन सहा आसांवर वाटले गेल्याने हलक्या रुळांवर प्रत्येक आसाचा भार 12 टनच पडतो. ही मांडणी मला फार देखणी वाटते. मालगाडी असो वा प्रवासी, तेच इंजिन चाले. 1961 मध्ये अमेरिकेतून आलेली ही जात पुढे वाराणसीत बनू लागली, व्हिएतनामलाही गेली.

गेजबदलाने ती आता दुर्मीळ झाली. 2018 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या पाताळपाणी-काळाकुंड वारसा गाडीला मात्र हेच इंजिन जोडले गेले.