बुंको : शनिवार दुपारची ग्रंथालयं

‘तोत्तोचान’ वाचलेल्या मराठी वाचकाला तोमोए शाळेतले आगगाडीचे डबे आठवत असतीलच. तिथे एक नवा डबा येणार असतो. तो रस्त्यावरून कसा आणतात ते पाहायला मुलं पांघरुणं घेऊन शाळेतच मुक्कामाला येतात आणि पहाटे आलेला डबा पुढे त्यांचं ग्रंथालय होतो. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती शाळा जळाली. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९६६ मध्ये, तोक्योच्या पश्चिमेकडच्या हिनो शहरात ट्रामच्या एका मोडीत निघालेल्या डब्यात मुलांचं ग्रंथालय सुरू झालं. या दोन डब्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण दरम्यानच्या काळात जपानमध्ये काही ग्रंथपालांनी, लेखकांनी आणि असंख्य गृहिणींनी मुलांच्या वाचनासाठी जे केलं, ते आपण नीट समजून घ्यावं असं मला फार वाटतं.

युद्धानंतरच्या जपानमध्ये सार्वजनिक ग्रंथालयं थोडी होती. जी होती, त्यांतली पुस्तकं बहुधा बंद कपाटांत असत आणि वाचनकक्षात परीक्षेचा अभ्यास करणारे विद्यार्थी बसत. चौथीतलं मूल आत शिरून फडताळासमोर मांडी घालून बसेल, अशी सोय क्वचितच होती.

या परिस्थितीला एक उत्तर मिळालं ते देशाच्या दक्षिण टोकाला, कागोशिमात. तिथल्या प्रांतिक ग्रंथालयाचे प्रमुख हातोजू मुकु हे स्वतः प्राण्यांच्या गोष्टी लिहिणारे लेखक होते. १९६० मध्ये त्यांनी आई आणि मुलाच्या ‘२० मिनिटं वाचना’ची चळवळ सुरू केली. त्यातली मेख अशी, की वाचायचं मुलानं आणि ऐकायचं आईनं. रोज २० मिनिटं मूल पुस्तक वाचतं आणि आई त्याच्या शेजारी बसते. तिला फार शिकलेलं असण्याची गरज नाही, पुस्तक निवडून देण्याची नाही, चुका काढण्याची तर मुळीच नाही. आपलं वाचणं कुणाला तरी ऐकावंसं वाटतं, एवढंच मुलाला कळायला हवं. दिवसभर राबणाऱ्या बाईलाही हे जमण्यासारखं होतं. ही चळवळ कागोशिमापुरती राहिली नाही, ती देशभर पसरली.

दुसरं उत्तर तोक्योत, एका घराच्या खोलीत तयार होत होतं. मोमोको इशिई हे जपानी बालसाहित्यातलं फार मोठं नाव. ‘विनी द पू’ त्यांनी १९४० मध्येच जपानीत आणला होता. इवानामी प्रकाशनाच्या मुलांच्या पुस्तकमालेचं संपादनही त्यांनी केलं. १९५४-५५ मध्ये त्यांनी अमेरिका, कॅनडा आणि युरोपचा प्रवास केला आणि तिथली मुलांची ग्रंथालयं पाहिली. टोरांटोत १९२२ पासून ‘बॉइज अँड गर्ल्स हाउस’ हे केवळ मुलांसाठीचं ग्रंथालय चालत होतं. ते घडवणाऱ्या ग्रंथपाल लिलियन स्मिथ यांचं बालसाहित्यावरचं पुस्तक इशिईंनी पुढे दोन सहकाऱ्यांबरोबर जपानीत आणलं. परतल्यावर त्यांनी ओगिकुबो भागातल्या आपल्या राहत्या घरातच मुलांसाठी दार उघडलं. १ मार्च १९५८ ला ‘कात्सुरा बुंको’ सुरू झाली.

बुंको म्हणजे पुस्तकांचं कोठार. घरातली एक खोली, मुलांच्या हाताला लागतील अशी फडताळं, नेण्या-आणण्याची नोंद, आणि गोष्ट ऐकायला सतरंजीभर जागा. मुलानं हवं ते पुस्तक उचलायचं, नको वाटलं तर अर्ध्यावर ठेवून द्यायचं. त्यावर प्रश्न नाहीत, निबंध नाही. इशिईंना इथे जे मिळालं, ते संपादकाच्या टेबलावर कधीच मिळालं नसतं. कोणतं पुस्तक मुलं पुन्हा पुन्हा नेतात, कोणत्या वाक्याशी चुळबुळ सुरू होते, हे त्यांना समोर दिसत होतं. या सात वर्षांची हकीगत त्यांनी १९६५ मध्ये ‘कोदोमो नो तोशोकान’, म्हणजे ‘मुलांचं ग्रंथालय’, या पुस्तकात लिहिली.

त्या पुस्तकानं घरोघरच्या बायकांना धीर दिला. कुणी आपल्या घरात बुंको काढली, कुणी नव्या वसाहतींच्या सभागृहात. अनेक ठिकाणी शनिवारी दुपारी शाळा सुटली की मुलं थेट तिथे येत. १९८० च्या सुमारास देशात अशा बुंकोंची संख्या ४ हजारांच्या वर गेली होती. बहुतेक जणी हे काम कोणताही मोबदला न घेता करत होत्या.

मात्र आपली खोली पुरेशी आहे, असं इशिईंनी कधी मानलं नाही. प्रत्येक गावात सरकारी खर्चानं चालणारं, प्रशिक्षित ग्रंथपाल असलेलं मुलांचं ग्रंथालय हवं, हीच त्यांची मागणी होती. बुंको चालवणाऱ्या बायकाही तेच मागू लागल्या. त्यांनी संघटना केल्या, नगरपालिकांकडे अर्ज नेले. हिनोनं तोवर वाट दाखवली होती. ग्रंथपाल त्सुनेओ माएकावा यांनी १९६५ मध्ये तिथे इमारत नसतानाच ‘हिमावारी’, म्हणजे सूर्यफूल, नावाच्या फिरत्या गाडीतून पुस्तकं द्यायला सुरुवात केली. ट्रामचा डबा पुढच्या वर्षी आला, मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत मात्र थेट १९७३ मध्ये. आधी वाचक तयार झाले आणि त्यांच्यासाठी इमारत बांधावी लागली.

गोष्ट सांगण्याच्या कलेला शिस्त दिली ती क्योको मात्सुओका यांनी. अमेरिकेत ग्रंथालयशास्त्र शिकून त्यांनी बाल्टिमोरच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम केलं आणि मायदेशी परतल्यावर ओसाकाच्या ग्रंथालयात. १९६७ मध्ये त्यांनी स्वतःच्या घरी ‘मात्सुनोमी बुंको’ काढली. इशिई, मात्सुओका आणि शिगेको त्सुचिया यांच्या घरच्या बुंकोंमधूनच १९७४ मध्ये ‘तोक्यो कोदोमो तोशोकान’ ही संस्था उभी राहिली. मात्सुओकांच्या पद्धतीत बाहुल्या नाहीत, हातवारे नाहीत. गोष्ट पूर्ण मुखोद्गत करायची आणि मुलांच्या डोळ्यांत पाहत साध्या आवाजात सांगायची. चित्र मुलानं आपल्या मनात काढायचं. पुस्तक वाचताना नेमकं हेच करावं लागतं, म्हणून ऐकणं ही वाचनाची पहिली इयत्ता, असा त्यामागचा विचार. सांगण्याजोग्या गोष्टींच्या छोट्या पुस्तिका १९७३ पासून निघू लागल्या. त्यांचं नाव ‘ओहानाशी नो रोसोकु’, गोष्टींची मेणबत्ती.

ते नाव नुसतं शोभेचं नाही. ‘तोक्यो कोदोमो तोशोकान’मध्ये गोष्टीच्या तासाला खरोखर मेणबत्ती लावतात. ती तेवत असेपर्यंत गोष्टीचं राज्य. शेवटी ज्याचा वाढदिवस असेल ते मूल मनात एक इच्छा धरतं आणि फुंकर घालतं.

आपल्याकडे गावोगावी सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, त्यांतल्या अनेकांत बालविभागाचं कपाटही आहे. जपानी बायकांना ज्या इमारतीसाठी अर्ज करावे लागले, ती आपल्या कितीतरी गावांत आधीच उभी आहे. तिथल्या ग्रंथपालांनी शनिवारची एक दुपार मुलांसाठी राखावी आणि गावातल्या कुणीतरी एक गोष्ट तोंडपाठ करून तिथे जाऊन बसावं. सुरुवातीला चारच मुलं आली, तरी त्या चौघांच्या डोळ्यांत पाहून ती सांगावी.