उकळूनही न जाणारे विष

माताभगिनींनो, तान्ह्या नातवंडाला वरचे दूध द्यायची वेळ आली की तुम्ही पावडर कालवायला पाणी खळखळून उकळता. रोगजंतू त्याने मरतात खरे. पण विहिरीत नायट्रेट असेल तर ते जात नाही. पाणी आटते तसे उलट दाट होते. तुरटीनेही हटत नाही. चव नाही, वास नाही. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची हद्द. त्यापुढे सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला धोका: रक्तात प्राणवायू वाहीनासा होतो, ओठ-नखे निळी पडतात.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या शंभरांपैकी पस्तीसहून अधिक नमुन्यांत ही हद्द ओलांडलेली होती. विहिरीलगतचा उकिरडा, शोषखड्डा, आणि अंबड-घनसावंगीच्या मोसंबीला आपणच सढळ हाताने टाकलेला युरिया! दुसरे काय?

कारखाने सांडपाण्यातले नायट्रेट काढायला जिवाणू पाळतात. हवा नसलेल्या टाकीत त्यांना मळीसारखे खाद्य द्यायचे. ते नायट्रेटमधला प्राणवायू ओढतात, नत्रवायू उडून जातो. युक्ती नामी, पण घरच्या रांजणात चालायची नाही. घरी आर.ओ. यंत्रच कामाचे.

म्हणून विहीर बुजवू नका. लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेटचे पाणी एकरभर दोन इंच दिले, तर साडेचार किलो नत्र, म्हणजे सुमारे १० किलो युरिया पिकाला आपसूक मिळतो. तेवढा गोणीतला वाचवा. बाळासाठी मात्र तपासलेले दुसरे पाणी आणा. नमुना तपासायला ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा.