ऑइल जाते कुठे?

ऑडीच्या आरएस४ ची दुसरी पिढी २००५ साली आली, तेव्हा तिच्या ४.२ लिटर व्ही८ इंजिनाने वेगाच्या शौकिनांना वेड लावले होते. टर्बो नाही, तरी ७८०० आरपीएमला ४२० पीएसची ताकद आणि काटा थेट ८२५० पर्यंत. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी एफएसआय पद्धत तिच्यात होती. हेच तंत्र घेऊन ऑडीच्या आर८ रेसिंग कारने २००१ ची ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली होती. पुढे या आरएस४ च्या मालकांच्या तोंडी ठरावीक तक्रारी येऊ लागल्या. सकाळी सेल्फ मारला की गाडी सुरुवातीला मिसिंग करते, ऑइल खाते आणि पूर्वीसारखी पळत नाही. गॅरेजच्या जॉबकार्डावर या तक्रारी वेगवेगळ्या ओळींत लिहिल्या जातात आणि त्यांचे इलाजही वेगवेगळे केले जातात. माझ्या मते पैसे वाया जातात ते इथेच, कारण बहुतेक वेळा या तक्रारी एकमेकींना जन्म देत असतात.

सकाळची मिसिंग ही गार इंजिनाची तक्रार, म्हणून आधी त्याबद्दलचा एक गैरसमज दूर करू. गार इंजिन म्हणजे बर्फात उभी असलेली गाडी असे नाही. चालू इंजिनातले पाणी साधारण ९० अंशांवर असते. त्या मानाने मे महिन्यात सोलापुरात रात्रभर उभी असलेली गाडीही गारच म्हणायची. गार धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून संगणक जास्त पेट्रोल सोडतो, आरपीएम वाढवून ठेवतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ठिणगीही उशिरा टाकतो. त्यामुळे निरोगी परफॉर्मन्स कारसुद्धा सुरू झाल्या झाल्या घोगऱ्या आवाजात गुरगुरते आणि थोड्या वेळात शांत होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. काटा वरखाली होत राहणे, सायलेन्सरमधून तुटक फटफट ऐकू येणे, कच्च्या पेट्रोलचा वास येणे ही मात्र मिसफायरची, म्हणजेच त्या मिसिंगची लक्षणे. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होण्याचा धोका असतो. मग गाडी दामटू नये.

आता ऑइलकडे वळू. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या, तरी थोडा जळका वायू त्यांच्या फटीतून खाली ऑइलच्या बाजूला उतरतोच. तो बाहेर हवेत सोडायला बंदी आहे, म्हणून एका नळीने तो पुन्हा इंजिनाच्या हवेच्या वाटेत आणला जातो. येताना सोबत ऑइलचे बारीक तुषार घेऊन येतो. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला फवारले जायचे, त्यामुळे ते व्हॉल्व्ह आपोआप धुतले जायचे. थेट सिलिंडरमध्ये फवारणी सुरू झाली आणि ही आंघोळ बंद झाली. ऑइलचे तुषार तापलेल्या व्हॉल्व्हवर बसतात, भाजतात आणि त्यांचा थर साचत जातो.

इनटेक मॅनिफोल्ड उतरवून आत टॉर्च मारली की हा थर दिसतो. व्हॉल्व्हची दांडी जिथे खाली रुंद होत जाते, नेमके तिथे काळे, खडबडीत आवरण चढलेले असते. वरचा भाग बोटाला चिकटतो, तर आतला स्क्रू-ड्रायव्हरनेही सहज सुटत नाही. कढईच्या बुडाशी वर्षानुवर्षे जळून बसलेल्या तेलासारखे त्याचे रूप असते. आठही सिलिंडरांत तो सारखा साचत नाही, म्हणून प्रत्येकाला मिळणारी हवा कमीजास्त होते. भरधाव असताना त्याने ताकद थोडी कमी होते, पण मिसिंग सहसा जाणवत नाही. गार इंजिनात मिश्रण आधीच कसेबसे पेटत असते, तेव्हा एवढा फरकही मिसफायरला पुरतो. यावर खात्रीचा उपाय म्हणजे अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारून व्हॉल्व्ह साफ करणे. तो भुगा कार्बन खरवडतो, पण धातूला इजा करत नाही. पेट्रोलच्या टाकीत ओतायची औषधे मात्र या थरापर्यंत पोहोचतच नाहीत, कारण पेट्रोल त्या वाटेने जातच नाही.

साखळी इथे संपत नाही. मिसफायर झालेल्या सिलिंडरमधले न जळलेले पेट्रोल त्याच्या भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन टाकते आणि खाली ऑइलमध्ये मिसळते. पातळ, मळलेल्या ऑइलने रिंगा चिकटू लागतात. चिकटलेल्या रिंगांतून आणखी वायू खाली उतरतो आणि आणखी तुषार वर येतात. म्हणून नुसते व्हॉल्व्ह साफ करून गाडी परत दिली, तर तक्रारही पुन्हा येते.

पेट्रोल आणि ऑइलचे हे वैर जुने आहे. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये थेट फवारणीचा यांत्रिक पंप होता. इंजिन बंद केल्यावर ते पूर्ण थांबेपर्यंत पंप पेट्रोल सोडतच राहायचा, आणि ते ऑइलमध्ये उतरायचे. त्यामुळे त्या गाडीचे ऑइल फार लवकर बदलावे लागे.

यातूनच आपल्याकडची एक फसगत होते. रोज घर ते ऑफिस चार-पाच किलोमीटर गाडी चालवणाऱ्याचे ऑइल डिपस्टिकवर कमी झालेले दिसत नाही, कारण जळालेल्या ऑइलची जागा पेट्रोल भरून काढत असते. मग एखाद्या रविवारी मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर गाडी चांगली तापते, ते पेट्रोल उडून जाते आणि पातळी एकदम खाली दिसते. दोष हायवेला दिला जातो.

फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल लागू शकते, असे छापलेले असते. हा आकडा कंपनीने स्वतःच्या बचावासाठी आखलेली मर्यादा आहे, निरोगी इंजिनाची खूण म्हणून तो मला मान्य नाही. दोन हजार किलोमीटरला पाव लिटर खाणारी गाडी तेवढ्याच अंतरात अर्धा लिटर खाऊ लागली, तर पुस्तिकेच्या हिशेबाने ती अजून ठीक असते. माझ्या लेखी ती तपासायला न्यायची वेळ झालेली असते.

म्हणून वही ठेवा. सपाट जागी, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे इंजिन तापवून आणि थोडे थांबून पातळी बघा, खुणेपर्यंत ऑइल भरा, किलोमीटर टिपा आणि हजार किलोमीटरनंतर तशीच पुन्हा बघा. हल्लीच्या कित्येक जर्मन गाड्यांत डिपस्टिकच नसते, तिथे स्क्रीनवरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी सुरू करताच निळसर धुराचा एकच लोट येऊन थांबला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर जातो, कारण रात्रभर तिथून ऑइल झिरपलेले असते. जोरात रेस केल्यावर धूर येत राहिला, तर रिंगांकडे बघावे लागते. धूर अजिबात नाही आणि तरी ऑइल कमी होते, तर गळती किंवा वायू खेचणारा ब्रीदर व्हॉल्व्ह आधी तपासा. तो भाग पिस्टनच्या तुलनेत कितीतरी स्वस्त असतो.

आणि अशी गाडी सेकंड हँड घ्यायची असेल, तर मालकाला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत ती सुरू करू नका. पोहोचल्यावर आधी बॉनेटला हात लावून बघा. ते कोमट लागले, तर त्या दिवशी सौद्याचे बोलू नका, दुसऱ्या सकाळची वेळ मागून घ्या.