दातांच्या दवाखान्यातला काउंटर: कोर्स कोणता आणि शिकायचं काय?

छत्रपती संभाजीनगरात निराला बाजार, सिडको, गारखेडा, जालना रोड, कुठेही फिरा, दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या दिसतातच. घाटी या सरकारी रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, कांचनवाडीला छत्रपती शाहू महाराज शिक्षण संस्थेचं आहे. डॉक्टर तिथे घडतात. पण पेशंटची पहिली गाठ पडते ती काउंटरवरच्या माणसाशी. तारीख देणं, केस पेपर काढणं, लॅबशी बोलणं, हिशेब ठेवणं ही सगळी भिस्त त्याच्यावर. हे काम शिकायचं कुठे, याविषयी मात्र बारावी झालेल्या मुलामुलींच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या मनात बरेच गैरसमज आहेत, आणि त्यातले काही चांगलेच महागात पडतात.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज असा, की या कामासाठी कुठला तरी ‘सरकारमान्य डिप्लोमा’ लागतोच. 1948 च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणी ठेवली ती तिघांची: दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक. दात साफ करणारा हायजिनिस्ट आणि कवळ्या-कॅपा बनवणारा मेकॅनिक यांचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. काउंटर सांभाळणाऱ्याची अशी नोंदणी या कायद्यात नाही. म्हणजे या खुर्चीवर बसायला कायद्याने कुठलाही डिप्लोमा सक्तीचा केलेला नाही, आणि ‘याच्याशिवाय नोकरी मिळणार नाही’ असं सांगून फी मागणारा खोटं बोलतो आहे.

याचा अर्थ प्रशिक्षण निरुपयोगी असा घेऊ नका. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या अभ्यासक्रमांत ‘हॉस्पिटल फ्रंट डेस्क कोऑर्डिनेटर’ आणि ‘डेंटल असिस्टंट’ हे दोन्ही आहेत. राज्याचं कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळही अल्प मुदतीचे अभ्यासक्रम चालवतं. संस्थेत गेल्यावर एवढंच विचारा: प्रमाणपत्रावर सही कोणाची असेल, आणि परीक्षा कोण घेणार? उत्तरात संस्थेचंच नाव आलं, तर ती खासगी शिकवणी आहे. शिकवणी चांगली असू शकते, पण मग फी शिकवणीच्या हिशेबाने द्यायची, सरकारी मान्यतेच्या नाही.

‘हा कोर्स केला की घाटीतल्या दंत महाविद्यालयाच्या कार्यालयात लागता येतं’ ही आशाही दाखवली जाते. सरकारी कार्यालयातली लिपिकाची पदं स्पर्धा परीक्षेतून भरतात. लिपिक-टंकलेखकाला मराठी टायपिंग मिनिटाला 30 शब्दांचं किंवा इंग्रजी 40 शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. तिकडे जायचं असेल तर पैसे टायपिंगच्या वर्गात घाला. ते टायपिंग खासगी दवाखान्यातही उपयोगी पडेल.

परदेशी ऑनलाइन कोर्सचं आकर्षण मी समजू शकते. व्हिडिओ देखणे असतात आणि प्रमाणपत्र घरबसल्या मिळतं. अडचण अशी, की अमेरिकेतला हा अभ्यासक्रम तिथल्या विमा कंपन्यांभोवती रचलेला आहे. प्रत्येक उपचाराचा कोड, क्लेमचा फॉर्म, तिथले गोपनीयतेचे कायदे. आपल्याकडे दाताचा बहुतेक खर्च पेशंट खिशातूनच करतो. बहुतेक आरोग्य विम्यांत साधे दंतोपचार बसत नाहीत; अपघातात जबडा मोडून भरती व्हावं लागलं, तर गोष्ट वेगळी. इथल्या काउंटरला वेगळंच यावं लागतं: वाळूज-चिकलठाण्यातला कामगार कंपनीत बिल लावणार असेल, तर त्यावर तारीख, उपचार, दाताचा क्रमांक आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नीट असला पाहिजे.

दाताचा क्रमांक हा तर धोक्याचाच मुद्दा. भारतात दोन आकडी पद्धत वापरतात: पहिला आकडा जबड्याचा भाग सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात ते. 36 म्हणजे खालची डावी पहिली मोठी दाढ. अमेरिकेत दात 1 ते 32 असे सरळ मोजतात आणि याच दाढेला 19 म्हणतात. आपल्याकडे 19 नावाचा दातच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळेल. पण 14 दोन्हीकडे आहे. आपल्याकडे तो वरचा उजवा पहिला उपदाढेचा दात, तिकडे वरची डावी पहिली मोठी दाढ. लॅबच्या चिठ्ठीवर हा घोळ झाला, तर कॅप भलत्याच दाताची बनून येईल. पहिल्या आठवड्यात एवढं एक पाठ झालं, तरी पुष्कळ मिळवलं.

आता फोन. ‘फोन उचलायला काय शिकायचं?’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी शाळेच्या मैदानावरून आलेला फोन डोळ्यांसमोर आणावा: मुलगा पडला, पुढचा पक्का दात मुळासकट निघून हातात आलाय. ‘उद्या अकराला या’ म्हटलं की तो दात बहुधा गेलाच. काउंटरवरच्या माणसाने तिथल्या तिथे सांगायला हवं: दात पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका, दुधात ठेवा आणि आत्ता निघा. पहिल्या अर्ध्या-एक तासात बरंच काही वाचतं. दुधाचा दात असेल तर तो परत बसवत नाहीत. म्हणून मुलाचं वय आधी विचारायचं.

दुसरा फोन: गाल सुजलाय, तोंड उघडत नाही, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय. हा पेशंट दवाखान्याच्या रांगेचा नाही, त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवायचं आणि त्याच क्षणी डॉक्टरांना कळवायचं. तिसरा फोन शांत असतो, म्हणून तो निसटतो: ‘तोंडात जखम आहे, दुखत नाही, महिना झाला.’ राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तंबाखू-सुपारी काही सुटलेली नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दुखत नसली, तरी तिला पुढच्या महिन्याची तारीख द्यायची नसते.

याच फोनवर काय बोलायचं नाही, तेही शिकावं लागतं. ‘मागच्या वेळची गोळी परत घेऊ का?’ ‘रक्त पातळ करायची गोळी दात काढायच्या आधी बंद करू का?’ या प्रश्नांना काउंटरवरून हो किंवा नाही द्यायचंच नाही. मधुमेह, हृदयविकार, गरोदरपण, चालू गोळ्या, औषधांची अ‍ॅलर्जी हे सगळं विचारून केस पेपरवर ठळक लिहायचं आणि निर्णय डॉक्टरांकडे सोपवायचा. माझ्या मते या कामाचं खरं प्रशिक्षण इथेच आहे: काय विचारायचं, काय लिहायचं आणि काय ठरवायचं नाही.

संमतीपत्राबद्दलही असाच गैरसमज आहे. पेशंटची सही घेतली की काम झालं, असं समजतात. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलं, की उपचार, त्याचे धोके आणि पर्याय पेशंटला पुरेसे समजावून मिळालेली संमती हीच खरी संमती. समजावणं डॉक्टरांचं काम. काउंटरने पाहायचं ते एवढं, की कागद पेशंटला वाचता येईल अशा भाषेत आहे आणि अठराच्या आतल्या मुलासोबत पालक आलेले आहेत.

‘इंग्रजी फाडफाड आलं पाहिजे’ ही भीतीही काढून टाका. या शहरात एकाच सकाळी सिल्लोडची आजी मराठीत बोलते, शहागंजचे चाचा दखनीत आणि कंपनीतला इंजिनिअर हिंदीत. तिघांनाही रूट कॅनॉलला किती सिटिंग लागतील, कॅपचं माप कधी आणि पैसे कोणत्या टप्प्याला, हे न रागावता सांगता येणं महत्त्वाचं. वैजापूर-कन्नडहून एसटीने येणाऱ्याला संध्याकाळची शेवटची वेळ दिली, तर तो दुसऱ्या सिटिंगला येणार नाही. परतीची गाडी विचारूनच तारीख लिहायची.

छोट्या दवाखान्यात काउंटरवरच्याच माणसाला आत हत्यारं द्यायलाही बोलावतात. तसं असेल तर हिपॅटायटिस-बी लसीचे तिन्ही डोस आधी घ्या, आणि हातमोज्यांनी फोन किंवा केस पेपर उचलू नका. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम पाठ हवेत: रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, सुया टोचून भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात, आणि कचरा 48 तासांच्या वर साठवायचा नाही. एक्स-रे मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी लागते. तिचे कागद फाइलमध्ये ठेवणं काउंटरचं काम, मशीन चालवणं नाही.

कोर्सची फी भरण्याआधी ओळखीच्या डॉक्टरांना विचारून काही दिवस एखाद्या दवाखान्यात नुसतं बसायला मिळतं का पाहा. तारखांची वही कशी भरतात, न आलेल्या पेशंटला कोण फोन करतं आणि पेशंटच्या एक्स-रेचे फोटो कुणाच्या मोबाइलवर पडून आहेत, हे बघा. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2023 मध्ये मंजूर केला आहे. तो माहीत असलेला आणि पेशंटचे फोटो स्वतःच्या फोनवर न ठेवणारा उमेदवार डॉक्टरांनाही हवाच असतो.